फुल-फ्रेमचं खूळ

"कोणता कॅमेरा घेऊ?" असं ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. घ्यायचा तर फुल-फ्रेमच घे, पैसे कमी पडले तर ईएमआय आहेच! विचारणाऱ्याला काढायचे असतात गड, घाट आणि ढग. त्याचं बजेट असतं ७०-८० हजारांचं. सल्ला देणारा त्याला दोन लाखांच्या खड्ड्यात घालून मोकळा. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

इंजिनियर आहोत, तर आकड्यांतच बोलू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलीमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ चा. प्रकाशाचा फायदा जेमतेम सव्वा स्टॉप. लग्नाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तो खराच. पण कोकणकड्यावर? तिथे पायाजवळच्या गवतापासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं. एपीएस-सीवर एफ/८ ला जेवढी खोली मिळते, तेवढीच मिळवायला फुल-फ्रेमवर एफ/११-१२ पर्यंत जावं लागतं. म्हणजे जास्तीचा प्रकाश तिथेच संपला! "ट्रायपॉडवर शटर जास्त वेळ उघडं ठेवू" म्हणाल, तर एपीएस-सीवालाही त्याच ट्रायपॉडवर दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडू शकतोच की.

आता मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआयला २० × १३ इंचांची प्रिंट. गेल्या वर्षी एवढी मोठी प्रिंट किती जणांनी काढली? फोर-के टीव्हीला तर सव्वाआठ मेगापिक्सेल पुरतात. आणि हे २४ मेगापिक्सेल सोनीच्या ए६००० मध्ये २०१४ सालीच होते, बरं का!

म्हणून माझं म्हणणं: बजेटच्या निम्म्यात सेकंडहँड, २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी बॉडी आणि किट लेन्स घ्या. उरलेल्यातून आधी घाटावरच्या वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड. मग पोलरायझर, कारण ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी नंतर सॉफ्टवेअरमध्ये नीट काढता येत नाही. मग हवाबंद डबा आणि सिलिका जेल, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागलीच म्हणून समजा. आणि राहिलेले पैसे एसटीच्या तिकिटांना. हा खर्च मात्र कुठल्याच रिव्ह्यूत नसतो.

ज्याला रात्री आकाशगंगा टिपायची आहे किंवा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, त्याने खुशाल फुल-फ्रेम घ्यावा. बाकीच्यांनी एवढाच हिशोब करावा: लँडस्केप चांगला येतो तो पहाटेच्या पंधरा-वीस मिनिटांच्या उजेडामुळे, आणि त्यासाठी त्या वेळी तिथे असावं लागतं. हप्ते फेडायला शनिवारीसुद्धा लॉगिन करणारा माणूस पहाटे साडेपाचला कड्यावर कसा पोचणार? पोचलाच, तर चार थेंब पडताच दोन लाखांचा जीव बॅगेत कोंबणार. खरा फोटो तर तेव्हाच सुरू होतो राव!

असो. कासचं पठार फुलतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. तुमचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ते थांबणार नाही :)