गेमचीही एकांकिका होऊ द्या

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, आणि त्याच्या कितीतरी आधी इन्स्टावर, 'गेमिंग'चं पोस्टर झळकतंच. बीजीएमआय, व्हॅलोरंट, टेकन. एन्ट्री फी एवढी, बक्षीस तेवढं. ऑडिटोरियममध्ये मोठा स्क्रीन लागतो, स्पीकर दणाणतात आणि शेवटचे दोन स्क्वॉड उरले की अख्खा हॉल उभा राहतो. धमाल येते, यात वादच नाही. पण त्या गर्दीत एक साधा प्रश्न टाकून बघा. हे गेम बनवतं कोण? पहिला दक्षिण कोरियातल्या कंपनीचा, दुसरा अमेरिकेतल्या, तिसरा जपानमधल्या. आपल्या वाट्याला आलंय ते खेळणं आणि ओरडणं. बनवणाऱ्यांसाठी फेस्टच्या वेळापत्रकात जागाच नसते.

ती जागा करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठी काही नवं शोधून काढायची गरज नाही. जगभरचे विद्यार्थी वीसेक वर्षं हे करत आलेत. त्याला म्हणतात गेम जॅम.

गायक-वादक मंडळी एकत्र बसून जॅमिंग करतात ना, तसंच हे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमतात. एक विषय जाहीर होतो. तीन-तीन, चार-चार जणांचे गट पडतात आणि रविवार संध्याकाळपर्यंत त्या विषयावर एक छोटा, पण खरोखर खेळता येईल असा गेम तयार करायचा. शेवटी सगळ्यांनी सगळ्यांचे गेम खेळून बघायचे. बस, एवढंच!

2002च्या सुमारास काही डेव्हलपर मंडळींनी हा प्रकार सुरू केला. 2009च्या जानेवारीअखेर 'ग्लोबल गेम जॅम' पहिल्यांदा झाला, तोच 23 देशांत. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीच्या शेवटी तो भरतो. बहुतेक ठिकाणी यजमान असतं एखादं कॉलेज किंवा विद्यापीठ. भारतातही तो होतो. त्याच्या दोन गोष्टी आम्हाला फार आवडतात. एक म्हणजे, ही स्पर्धा नाही. पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ अशी भानगडच नाही. दुसरी म्हणजे, बनवलेला गेम सोर्स कोडसकट सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. म्हणजे 'तू हे कसं केलंस?' या प्रश्नाचं उत्तर लपवायचंच नाही. मित्राची असाइनमेंट बघितली तरी 'कॉपी' म्हणून शून्य मिळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा विचित्रच वाटेल!

विषयही मजेशीर असतात. 2013 साली शब्दच नव्हते, फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला. 2016 साली विषय होता विधी, 2020 साली दुरुस्ती, 2023 साली मुळं. ठोक्यांच्या त्या विषयावर ब्रिटनमधल्या एका गटाने हृदयाचं ऑपरेशन करायचा गेम केला. त्यात सर्जनचं एकेक बोट वेगळ्या बटणाने हलवायचं. त्यामुळे साधं पेन उचलतानाही पंचाईत. लोक हसून हसून लोळले आणि काही महिन्यांतच 'सर्जन सिम्युलेटर' नावाने तो बाजारात आला. 'बाबा इज यू' हा कोड्यांचा गेम 2017च्या नॉर्डिक गेम जॅममधला. त्यात गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलून तुम्ही नियम बदलता. ज्याचं नाव गेमर मंडळी आदराने घेतात त्या 'सेलेस्ट'चं पहिलं रूप दोघांनी चार दिवसांत उभं केलं होतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. आपल्या कॉलेजात असं वातावरण कुठंय? आमचं म्हणणं उलट आहे. असं वातावरण आपल्याकडे जितकं मुरलंय तितकं क्वचितच कुठे असेल. फक्त आपण त्याला वेगळ्या नावाने ओळखतो. ते नाव म्हणजे एकांकिका.

पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात चक्कर मारा. संहिता अजून बदलतेय, नेपथ्याची फळी रंगवायची राहिलीय, लाइट्सवाला गायब आहे, पार्श्वसंगीताचा पेनड्राइव्ह सापडत नाहीये आणि तरीही ठरलेल्या वेळी पडदा उघडतो. मराठी नाटक-सिनेमातली किती माणसं या तालमींच्या हॉलमधून आली! ती सगळी करंडक जिंकूनच पुढे गेली असं नाही. त्यांना मिळाली ती एक जागा, जिथे चाळीसेक मिनिटांचं काहीतरी चार जणांनी मिळून उभं करता येतं, लोकांसमोर मांडता येतं आणि ते पडलं तरी आयुष्य संपत नाही. तीन अंकी नाटक पडलं तर निर्माता बुडतो. एकांकिका पडली तर कॅन्टीनमध्ये चार दिवस टिंगल होते, मग पुढच्या वर्षीची संहिता शोधायला सुरुवात.

गेम बनवणाऱ्यांकडे अशी जागा नाही, खरी अडचण ही आहे. मोठा गेम करायचा तर वर्षं जातात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये आला. भारतीय पुराणकथांवरचा हा गेम जगभर खेळला गेला, पण त्याआधी लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी झालेली होती. म्हणजे एकीकडे असा कस काढणारा डोंगर आणि दुसरीकडे यूट्यूबवरचे ट्युटोरियल. मधली पायरीच गायब. गेम जॅम ही ती मधली पायरी आहे.

या पायरीवर नेमकं काय शिकायला मिळतं? सगळ्यात आधी, कापायला शिकतो. शुक्रवारी रात्री प्रत्येक गटाच्या डोक्यात ओपन वर्ल्ड असतं, वीस शस्त्रं असतात, पाच शेवट असतात. शनिवारी दुपारपर्यंत एक खोली, एक पात्र आणि एक उडी उरते. मग कळतं की ती एक उडीच नीट जमली तर लोक पुन्हा पुन्हा मारतात. काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हा निर्णय चार जणांनी भांडून, पण वेळेत घ्यायचा असतो. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये गट कागदावर असतो, काम एकटाच करतो आणि बाकीचे व्हायवाच्या आदल्या रात्री त्याच्याकडून समजून घेतात. इथे दोन दिवसांत ते चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रविवारी संध्याकाळी एक अनोळखी मुलगी येऊन तुमच्या गेमसमोर बसते. तुम्ही मागे उभे. नियम एकच, तोंड उघडायचं नाही. ती डावीकडे जाते. अरे, दार तर उजवीकडे आहे! ती पुन्हा डावीकडे जाते. तुमच्या लेखी ते दार ढळढळीत दिसत होतं. तिला दिसलंच नाही, आणि त्यात तिची चूक नाही. या दोन मिनिटांत जे शिकायला मिळतं ते कुठल्याही लेक्चरमध्ये मिळत नाही. आपण सगळं काही लिहितो ते एका तपासणाऱ्यासाठी. तो पानं उलटतो, सही करतो, जर्नल माळ्यावर जातं. आपण बनवलेली वस्तू कुणीतरी खरंच वापरतंय आणि अडतंय, हे डिग्रीच्या सगळ्या वर्षांत कितीदा बघायला मिळतं?

आणि हो, 'मला कोडिंग येत नाही' ही सबब चालणार नाही. एकांकिकेत सगळेच अभिनय करत नाहीत. गेमलाही गोष्ट लागते, चित्रं लागतात, आवाज लागतात, शेवटच्या तासाला डोकं शांत ठेवणारं कुणीतरी लागतं. मराठी वाङ्मयवाली मुलगी, फाइन आर्ट्सवाला, तबला वाजवणारा कॉमर्सचा पोरगा, सगळ्यांना काम आहे. ग्लोबल गेम जॅममध्ये तर कागद, फासे आणि सोंगट्यांचा बोर्ड गेम केला तरी चालतो. शिवाय गेम डिझाइन आपण सगळ्यांनी केलेलंच आहे. एक टप्पा आऊट, भिंतीला लागला तर दोन रन, जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला तर डायरेक्ट आऊट आणि बॉल आणायला जाणारही तोच. जागा अरुंद, खेळाडू कमी, काचा महाग, म्हणून केलेले हे नियम. हाताशी आहे तेवढ्यात मजा येईल असे नियम रचणं, यालाच गेम डिझाइन म्हणतात.

साधनांचाही बाऊ नको. गोडो हे गेम इंजिन पूर्णपणे मोफत आणि ओपन सोर्स आहे, छोट्या टूडी गेमसाठी तर कॉलेज लॅबमधला साधा पीसीही पुरतो. चित्रांसाठी क्रिटा, थ्रीडीसाठी ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी, सगळं फुकट. तयार झालेला गेम इच डॉट आयओवर टाकायलाही पैसे लागत नाहीत. गोडोची चौथी आवृत्ती 2023 मध्ये आली, तेव्हापासून देवनागरी जोडाक्षरं मांडण्याची सोय त्यात आहे. म्हणजे 'क्ष' फुटतो म्हणून मराठीत गेम करता येत नाही, हेही कारण गेलं. बाजारात मराठी गेम कोण विकत घेणार, हा प्रश्न खरा आहे. पण जॅममध्ये काही विकायचंच नसतं. एसटीच्या शेवटच्या गाडीत जागा पकडण्याचा तीन मिनिटांचा गेम मराठीत करायला कोण अडवतंय?

आता थोडं आयोजकांशी. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या गोष्टीचं लगेच 'हॅकेथॉन' होतं. लाखाचं बक्षीस, स्पॉन्सरचा स्टॉल, उद्घाटनाला दीड तास भाषणं, सहभागाचं सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांना बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही. बक्षीस ठेवलं की लोक आपल्याला आधीच जमणारं काम करतात, आणि इथे मजा आहे ती न जमणारं करून बघण्यात. पहिल्या वर्षी वीस जण आले तरी पुरे. 48 तास म्हणजे 48 तास जागरण, असंही नाही. न झोपता लिहिलेला कोड सकाळी स्वतःलाच कळत नाही. रात्रभर जागण्यालाच शौर्य मानलं की आणखी एक गोष्ट होते. ज्या मुलींना घरून किंवा हॉस्टेलमधून रात्री थांबायची परवानगी नसते, त्या पहिल्या दिवशीच बाहेर पडतात. लॅब सकाळी आठ ते रात्री आठ उघडी ठेवली, रात्री सगळ्यांनी घरी जायचं असं ठरवलं, तरी गेम तयार होतात. अर्ध्या वर्गाला वगळून भरवलेल्या जॅमपेक्षा तो कितीतरी बरा.

घरच्यांचा प्रश्न उरतोच. 'गेम' हा शब्द ऐकला की आई-बाबांना एक तर मोबाइलचं व्यसन आठवतं, नाही तर पैसे लावायचे ॲप. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. अशा ॲपपायी घरं उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. पण 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदाही या दोन्हींत फरक करतो. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना आणि करमणुकीच्या, शैक्षणिक गेमना मात्र प्रोत्साहन द्यायचं म्हटलं. घरी हे शांतपणे सांगता येईल. त्याच वेळी 'यातच करिअर आहे, पॅकेज बघा' असली गाजरं आम्ही दाखवणार नाही. 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या गेम स्टुडिओंतून हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एकांकिका करणारे सगळे नट होत नाहीत, तसेच जॅम करणारे सगळे गेम डेव्हलपर होणार नाहीत. कुणी बँकेत जाईल, कुणी शिक्षक होईल. पण ठरलेल्या वेळेत चार जणांबरोबर एक गोष्ट पूर्ण केल्याची आणि ती अनोळखी माणसासमोर ठेवल्याची आठवण त्यांच्याजवळ राहील.

म्हणून मागणी छोटीच आहे. ज्या कॉलेजने तालमीसाठी हॉल दिला, त्याने वर्षातून एक वीकेण्ड कम्प्युटर लॅब द्यावी. लॅब असिस्टंटला त्या दोन दिवसांची रीतसर बदली रजा द्यावी, इंटरनेट चालू ठेवावं, एक्स्टेन्शन बोर्ड आणि चहाची सोय करावी. खर्च टूर्नामेंटच्या बॅनरपेक्षा फार जास्त येणार नाही. आणि कॉलेजने 'बघू, पुढच्या वर्षी' म्हटलंच, तर कुणाच्या तरी हॉलमध्ये चार लॅपटॉप घेऊन बसा. चिठ्ठ्या टाकून एक विषय काढा आणि रविवारी संध्याकाळी शेजारच्या पोरांना खेळायला बोलवा. ती अडतील तेव्हा मागे उभं राहून गप्प बसायचं, तेवढं मात्र लक्षात ठेवा. सगळ्यात अवघड तेच असतं!