‘झाड मरतं म्हणून’ हे उत्तर आता पुरे



चातुर्मास जवळ आला की घराघरांत तेच प्रश्न सुरू होतात. बटाटा का नाही? शेंगदाणाही जमिनीतच येतो, मग तो कसा चालतो? आलं नाही आणि सुंठ कशी? विचारणाऱ्या बहुधा आपल्याच लेकी-सुना. आणि आपण काय करतो? एखादं ठरलेलं उत्तर देतो, नाहीतर ‘धर्मात असं विचारायचं नसतं’ म्हणून गप्प करतो. ती ठरलेली उत्तरं एकदा नीट तपासू या, कारण त्यातली बरीचशी टिकत नाहीत.

पहिलं उत्तर : ‘जमिनीखाली येतं म्हणून.’ भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीच्या वर उमलतं. फलधारणा झाली की त्यातून आऱ्या निघतात, त्या खाली वाकून मातीत शिरतात आणि टोकाला शेंग धरते. म्हणजे शेंग हे फळ आहे आणि दाणा हे बी. नुसती जागा पाहून निर्णय घेतला, तर शेंगदाण्याची चटणीही ताटातून जाईल.

दुसरं उत्तर सर्वांत लाडकं : ‘उपटलं की झाड मरतं.’ बटाट्याचा पाला पिवळा पडून वाळला की मगच शेतकरी बटाटा काढतो. तेव्हा झाडाचं आयुष्य संपतच आलेलं असतं. उलट आपल्या मराठवाड्यात रब्बीची ज्वारी कित्येक ठिकाणी मुळासकट उपटूनच काढतात. बटाट्याऐवजी आपण भाजीत कच्चं केळं घालतो. त्या केळीचा घड उतरला की ते खोडही तोडूनच टाकतात. भाकरी आणि केळं चालत असेल, तर हे कारण मुलीसमोर कसं टिकेल?

तिसरं उत्तर मोबाइलवर फिरतं : ‘सूक्ष्मदर्शकाखाली बटाट्यात अनंत जीव दिसतात, विज्ञानानं सिद्ध केलंय.’ सख्यांनो, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आणि जिवाणू दिसतात, निगोद नाही. श्रद्धेला खोट्या दाखल्याची गरज नसते. अकरावी सायन्सची मुलगी हा दाखला एका मिनिटात खोडते आणि मग आपलं खरं बोलणंही ऐकत नाही.

याच्या उलट बाजूचे पंडितही आहेत. ते म्हणतात, ‘बटाटा मूळ नाहीच, खोड आहे, मग कंदमूळ कसा?’ अहो, शब्द तरी नीट वाचा. कंद आणि मूळ असे दोन शब्द त्यात आहेत. गाजर, मुळा, बीट, रताळं ही मुळं. बटाटा, सुरण, आलं, ओली हळद ही जमिनीतली खोडं. कांदा म्हणजे एकावर एक बसलेली जाड पानं. बटाटा खोड आहे म्हटल्यानं तो ‘मूळ’ या शब्दातून सुटला, ‘कंद’ या शब्दातून नाही.

मग खरं उत्तर काय? आपल्याकडे वनस्पतीचे दोन भेद सांगितले आहेत, प्रत्येक आणि साधारण. जिथे एका शरीराचा स्वामी एक जीव, ती प्रत्येक. जिथे एकाच शरीरात अनंत जीव राहतात, ती साधारण, म्हणजेच अनंतकाय. बटाटा कोणत्याही जुन्या ग्रंथात सापडणार नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. पण त्याआधी काही शतकं, दहाव्या शतकात, आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसारात भाज्यांच्या यादीवर न थांबता ओळखायच्या खुणा दिल्या आहेत : शिरा, सांधे, पेरं स्पष्ट दिसत नाहीत, मोडलं तर समान तुकडे होतात, तंतू नसतो, तोडलं तरी पुन्हा उगवतं.

आता बटाटा हातात घ्या. शेतकरी बेण्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर डोळा राहील असं पाहतो, आणि प्रत्येक तुकड्यातून वेगळं झाड उठतं. हुशार मुलगी इथे विचारेल, ‘ऊसही कांडीनेच लावतात, मग?’ शाबास म्हणा तिला. उसाची पेरं लांबून दिसतात आणि चोथ्यात तंतूच तंतू असतात. खुणा एकत्र वाचायच्या, सोयीची एक उचलायची नाही.

अनंत जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते आगमावरच्या श्रद्धेनं मानायचे, हे मुलीला सरळ सांगावं. सुंठ-हळदीचंही तसंच. वनस्पतिशास्त्रात आलं आणि सुंठ एकच. फरक आपल्या आचाराचा : सुंठ वाळून अचित्त झालेली असते, टिकते, आणि चिमूटभर, औषधासारखी वापरली जाते. बटाट्याची भाजी कोणी चिमूटभर खात नाही.

मंदिरातलं षट्लेश्येचं चित्र आठवा. जांभळाच्या झाडाशी सहा भुकेले. एक मुळावर घाव घालायला निघतो, शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच. हे चित्र समजलं की ‘कमीत कमी हिंसा’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्या मुली शिकायला पुण्या-मुंबईला जातात, तिथल्या मेसमध्ये आपण सोबत नसतो. पोकळ कारणावर उभा असलेला नियम मैत्रिणीच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत पहिलं अंग निःशंकित आहे, आणि शंका दाबून कोणी निःशंक होत नाही. म्हणून या चातुर्मासात महिला मंडळाच्या एका बैठकीत पाककृती बाजूला ठेवा. शेंगेचा वेल, उसाचं कांडं आणि कोंब फुटलेला बटाटा समोर मांडा आणि मुलींना विचारू द्या. आपल्याला उत्तर आलं नाही, तर सगळ्या मिळून माताजींकडे जाऊ.