इंजिन बसलं, नंबर प्लेटचं काय?

घरी जोडलेल्या गाडीत दुसरं इंजिन बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं नव्हे. माउंटिंग नव्याने वेल्ड करा, चेनची रेष जुळवा, वायरिंग तर अख्खंच उसवा. एवढं करून गाडी न्यायची कुठे? कॉलेजच्या पार्किंगमध्ये?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली, तिला किकने सुरू होणारं इंजिन बसवलं. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, बदल्यात बोलेरो देऊ केली. पण जीप नियमांत बसत नाही, हेही सांगितलं.

ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. आपल्याकडे प्रोटोटाइप चाचण्या कंपन्यांच्याच मापाने बेतलेल्या. तपासणी कडकच हवी. ब्रेक कच्चे म्हणून दहादा परत पाठवा, चालेल. पण हौशी पोरांनी अर्ज टाकायला एक खिडकी तरी उघडा ना!