थांबला तरी गुन्हेगार, हलला तरी गुन्हेगार!

ब्रिटनमध्ये मोटारीच्या विम्याचा अर्ज भरताना नाव, वय, परवाना, मागचे अपघात हे सगळे सांगून झाले की प्रश्न येतो : गाडी रात्री कुठे उभी असते? पुढे पोस्टकोडची चौकट. ज्याचे बिऱ्हाडच कॅरव्हॅनमध्ये आहे, जो आज डॉर्सेटमधल्या एखाद्या शेतावर आणि पुढच्या आठवड्यात काम मिळेल तिथे मुक्कामाला असतो, त्याने त्या चौकटीत काय लिहावे?

विमा न काढण्याची त्याला मुभा नाही. विनाविमा सापडला तर 300 पौंड दंड, परवान्यावर 6 पेनल्टी पॉइंट, शिवाय पोलीस गाडी जागीच उचलून नेऊ शकतात. ही सक्ती रास्तच आहे. रस्त्यावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण जी वस्तू सरकार दंडुका उगारून घ्यायला लावते, ती प्रत्येकाला मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? अशा गिऱ्हाइकाला मोजक्याच कंपन्या दारात उभे करतात. मग माणूस नाइलाजाने बहिणीचा पत्ता लिहितो. ही लबाडी ठरली, की 2012 च्या ग्राहक विमा कायद्यानुसार कंपनी करार रद्द करून दावा फेटाळू शकते आणि भरलेले हप्तेही ठेवून घेऊ शकते. खरे बोलला तर विमा नाही, खोटे बोलला तर भरपाई नाही!

बरे, गाडी न हाकता एका जागी राहावे म्हटले, तर जागा कुठे आहे? जिप्सी म्हणवल्या जाणाऱ्या या फिरस्त्यांसाठी तळ उभारण्याचे जे बंधन 1968 च्या कायद्याने कौन्सिलांवर घातले होते, ते 1994 मध्ये काढून टाकले गेले. 2022 च्या पोलीस कायद्याने तर, परवानगीवाचून तळ ठोकलेल्याने उपद्रवाचा ठपका आल्यावर हलायला नकार दिला, तर 3 महिन्यांपर्यंत कैद आणि वाहनजप्तीची तरतूद केली. कॅरव्हॅन जप्त म्हणजे राहते घर जप्त, पोरांची अंथरुणे जप्त! याच कायद्याने घातलेली, हुसकावलेल्या जागी 12 महिने परतण्याची बंदी लंडनच्या हायकोर्टाने 2024 मध्ये मानवाधिकारांशी विसंगत ठरवली, हे बरे झाले. पण तेवढ्याने तळ मिळत नाही.

ठिकाण ठरलेले नसेल तर जोखीम मोजता येत नाही, ही विमा कंपन्यांची सबब आम्हाला मान्य नाही. एडवर्ड लॉइडच्या कॉफीखान्यापासून ज्या लंडन शहराने सात समुद्रांवर फिरणाऱ्या जहाजांचे विमे उतरवले, त्या शहराला एका कुटुंबाच्या गाडीचा हिशेब जमू नये?

फिरस्त्यांवरचा हा संशय महाराष्ट्रानेही सोसला आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा ब्रिटिश राज्यकर्त्यांचाच. फिरस्ता म्हणजे चोर, हे गृहीत धरून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांआड माणसे कोंडली गेली आणि तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडावे लागले. म्हणून ब्रिटनमधल्या फिरस्त्यांचा प्रश्न आम्ही परका मानत नाही.

पार्लमेंटने पत्रव्यवहाराचा कोणताही खरा पत्ता विम्यासाठी ग्राह्य धरणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. हप्ता त्या माणसाच्या चालवण्याच्या नोंदीवर आणि तो ज्या टापूत फिरतो त्यावर ठरवावा. विमा नाकारायचा तर कारण लेखी द्यावे. विनाविमा गाडीने जखमी झालेल्यांना भरपाई देण्यासाठी सगळ्या मोटारविमा कंपन्यांची मोटर इन्शुरर्स ब्युरो ही सामाईक संस्था 1946 पासून आहे आणि तिचे सदस्यत्व कायद्यानेच सक्तीचे आहे. सर्वत्र नकार मिळालेल्या कॅरव्हॅनवासीयाचा विमा वाजवी हप्त्यात उतरवण्याची जबाबदारी याच संस्थेवर टाका, आणि 1994 मध्ये काढून घेतलेले तळांचे बंधन कौन्सिलांवर पुन्हा घाला.