वाघाच्या घरची वाटणी

दिवाळीच्या तोंडावर शेजारचे मामा आमच्या ओसरीवर आले. ते आले की चहा होतो, आणि चहाबरोबर एखादा प्रश्नही येतो. मराठीच्या प्राध्यापकाला जगातले सारे काही ठाऊक असते, अशी त्यांची भाबडी समजूत आहे.

"सर, तो येडशीचा वाघ एवढ्या लांब कशाला आला? वाट चुकला का?"

वाचकांना हा वाघ आठवत असेल. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात तो टिपला गेला. मूळचा तो टिपेश्वरचा. म्हणजे आमच्या नांदेड जिल्ह्याला लागून, पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातला. तिथून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत तो आला. जानेवारीत त्याला पकडायला पथक आले, तर त्यांनाही त्याने आठवडेच्या आठवडे गुंगारा दिला.

"मामा, चुकला कसला? वाटणी मागायला थांबला नाही, एवढेच!"

मामा हसले नाहीत. गेल्याच उन्हाळ्यात त्यांच्या पाच एकरांचे तीन तुकडे झाले होते.

वाघाचे घर मोठे कडक असते. पिल्ले दोन वर्षांची झाली की आई त्यांना दूर करते. एखाद्या लेकीला ती आपल्या मुलखातला कोपरा देतेही. लेकाला मात्र उंबरा ओलांडावाच लागतो. बाहेर पाहावे, तर प्रत्येक नाल्यावर कुणा थोराड नराचा ताबा. टिपेश्वर अवघे १४८ चौरस किलोमीटरांचे. तिथे बांध घालून तुकडे पाडण्याची सोय नाही. लढायचे, मरायचे, नाहीतर चालू लागायचे!

असाच एक तिथला तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. नदीनाले, शेते, हमरस्ते ओलांडत, महाराष्ट्रात आणि तेलंगणात भटकत, नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरांहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी त्याचे नावच 'वॉकर' ठेवले. तिथे शिकार होती, जागा होती. पण वाघीण नव्हती. मोकळे रान मिळाले, संसार काही मिळाला नाही. २०२१ मध्ये तो पुढे गौताळ्याच्या रानात दिसला.

जंगलातली गर्दी स्वतःच गर्दीला आवर घालते, तो असा. दाटी वाढली की झुंजी वाढतात. नवा नर आला की आधीच्याची पिल्ले मारतो. कोवळी पोरे परागंदा होतात. हरणांत झुंजीऐवजी भूक हे काम करते. चारा अपुरा पडला की माद्या रोडावतात, पाडसे कमी जगतात. संख्या उतरली की उरलेल्यांना पुन्हा पोटभर मिळू लागते.

पण हा आवर वेळेवर बसला नाही, तर? अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले होते. शत्रू कोणी नाही, चारा उदंड. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले. त्यांचा हिवाळ्यातला चारा म्हणजे दगडफूल. ते पुन्हा उगवायला वर्षानुवर्षे लागतात. सगळे खाऊन झाले, त्यात कडक हिवाळा आला, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा उरले ४२. चहूकडे समुद्र. जातात कुठे बिचारे!

आपल्या वाघांभोवती समुद्र नाही, आपण आहोत. आपले रस्ते, कालवे, विजेची तार सोडलेली कुंपणे. टिपेश्वरचे बेट करायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. म्हणून ओढ्याकाठची झाडी, गावाबाहेरचे पडीक माळ यांना मी आता ओसाड म्हणत नाही. ती कुणाची तरी जाण्याची वाट असते. रात्री ज्वारी राखणाऱ्याची भीती खोटी नाही. पण वाट बंद केल्याने वाघ थांबत नाही, तो वस्तीतून जातो.

मामांचा चहा निवून गेला होता. त्यांचा धाकटा वाटणीतला आपला तुकडा भावांच्या हवाली करून पुण्याला गेला आहे. दिवाळीला येतो म्हणाला होता.

"सर," मामा उठता उठता म्हणाले, "त्या वाघाला तिकडं कोणी जोडीला मिळालं का हो?"

मला काही सांगता आले नाही. मी त्यांना कपभर गरम चहा पुन्हा दिला.