डाळीचे मूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. नदी आणि ऋषी यांच्यापुरती ती आम्हांस मान्य आहे. परंतु जे आपण नित्य मुखात घालतो, त्या अन्नाचे मूळ मात्र अवश्य विचारले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यास बीदरसारखे योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

आपण डाळीच्या मुलखात राहतो. शेजारचा कलबुर्गी जिल्हा कर्नाटकाचे तुरीचे कोठार म्हणून प्रसिद्ध असून तेथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. आमच्या कोकणी घरातील दाळितोय, मराठी घरातील वरण आणि कन्नड घरातील तोव्वे ही नावे निराळी असली, तरी डाळ एकच. अशा मुलखातही सुटी डाळ घेणाऱ्या गृहिणीने “ही तूर कोठली?” असे विचारले, तर तिला खात्रीचे उत्तर मिळण्याची सोय नाही.

देशात पिकणारी तूर देशाला पुरत नाही. म्हणून भारत सरकारने २०१६ साली मोझांबिकशी आणि २०२१ साली म्यानमार व मलावी या देशांशी तुरीच्या आयातीचे करार केले. आयात ही सर्वथा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. १९७२ च्या दुष्काळात ‘मिलो’ नावाचा परदेशी तांबडा जोंधळा खाऊन महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांनी दिवस काढले, हे घरातील वडीलधारी मंडळी आजही सांगतात. अडचणीच्या वेळी आलेल्या अन्नाचा अपमान करणे आपणांस शोभणार नाही.

प्रश्न आहे तो माहितीचा. आयात केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर मूळ देशाचे नाव छापले पाहिजे, असा आपल्या देशात नियम आहे. परंतु त्याच नियमात असेही म्हटले आहे की, दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचे स्वरूप बदलले, तर तो दुसरा देशच मूळ देश समजावा. आता तूर येते ती बहुधा अखंड, आणि तिची डाळ होते आपल्या गिरण्यांत. मग आफ्रिकेच्या शेतात पिकलेल्या तुरीची डाळ कोणत्या देशाची म्हणावयाची? पुडीवर गिरणीचा पत्ता असतो. शेताचा पत्ता तेथे असेलच असे नाही. आणि सुट्या डाळीच्या पोत्यातून शेर-दोन शेर घेणाऱ्या गरिबास तर वाचावयास काहीच नसते.

ही माहिती हवी कशाला, असे कोणी विचारील. काही देशांत कापणीपूर्वी पीक एकसारखे वाळावे म्हणून त्यावर तणनाशक फवारतात. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात कडधान्यांत ग्लायफोसेट या तणनाशकाचे अंश तपासण्याचा आदेश दिला. बंदरावर अशी तपासणी होते, हे ठीकच. परंतु एखाद्या मालात दोष उशिरा आढळला, तर तो माल कोणकोणत्या दुकानांत गेला, हे शोधावयाचे कसे? मूळ ठाऊक असेल तरच दोषी पोते वेगळे काढता येते. एरवी सगळ्याच पोत्यांवर संशय येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांस अगत्याचे वाटते. परदेशी ते विषारी आणि स्वदेशी ते पवित्र, असा समज कोणी करून घेऊ नये. तूरडाळीसारखी दिसणारी लाखोळीची डाळ आपल्याच देशात, विदर्भात पिकते. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय पांगळे होतात, म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. सारांश, मूळ विचारणे म्हणजे परक्याचा द्वेष करणे नव्हे.

यात आपल्या शेतकऱ्याचेही हित आहे. जून-जुलैत पेरलेली तूर त्याच्या हाती येते डिसेंबर-जानेवारीत. पाच-सहा महिन्यांच्या त्या श्रमांतून जे नाव मिळाले, त्या नावाखाली दुसरी कोणतीही डाळ खपविता येऊ लागली, तर मानांकनाला अर्थ तो काय राहिला?

म्हणून आमची मागणी साधी आहे. डाळीच्या पुडीवर कच्चे धान्य कोठे पिकले ते छापावे, आणि सुट्या डाळीच्या पोत्यावर तेच एका पाटीवर, कन्नड, मराठी व उर्दू या येथील तिन्ही भाषांत लिहावे. कायदा करणे हे शासनाचे काम होय. परंतु विचारणे हे आपले काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी या सुट्टीत घरातील प्रत्येक पुडीवरील बारीक अक्षरे वाचावीत, आणि जेथे अक्षरेच नाहीत तेथे दुकानदारास नम्रपणे प्रश्न करावा. भूगोलाच्या पुस्तकात ज्या देशांची नावे आपण पाठ करतो, त्यांपैकी कोणता देश आज आपल्या ताटात आला आहे, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे.