पाडेली माडावरून पडतो तेव्हा

गोव्यात पाठीचा कणा मोडण्याचं एक जुनं कारण म्हणजे माड. पाडेली पडतो, रेंदेर पडतो, पोफळीवर चढणारा पडतो. आता त्यात दुचाकीवरून पडणाऱ्यांची भर पडली आहे. पडलेल्या माणसाला चौघं मिळून हातापायाला धरून उचलतात आणि रिक्षात बसवतात. खरं तर तिथंच अर्धं नुकसान होऊ शकतं. मान आणि पाठ न वाकवता, माणूस एका सरळ रेषेत फळीवर घेऊन न्यायचा असतो. भाटात फळी कुठली, म्हणाल! घराचं जुनं दार काढलं तरी चालतं. १०८ ला फोन करून वाट पाहिली तर त्याहून बरं.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. गोमेकॉतून माणूस घरी येतो आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागते. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "पांय हालतात रे?" पाय हा सगळ्यांचाच ध्यास. घरच्यांचाही. पायाला तेल चोळणं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकणं, आज ह्या वैद्याकडे तर उद्या त्या देवस्थानात प्रसाद लावायला. आणि पायात संवेदना नसल्यामुळे शेकताना कातडी भाजते, ते त्याला कळतही नाही! दुसऱ्या दिवशी फोड दिसतो तेव्हा समजतं. ती जखम भरायला महिने लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. ह्या माणसाचं आयुष्य पायांवर तितकंसं अवलंबून नसतं, ते अवलंबून असतं मूत्राशयावर आणि कातडीवर. आपल्याकडे ह्या दोन्ही गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, म्हणून त्या कुणी नीट शिकवत नाही आणि कुणी नीट शिकतही नाही.

लघवी आपोआप होत नाही, किंवा नको तेव्हा होते. मूत्राशय भरून राहिलं की दाब उलटा मूत्रपिंडावर येतो. १९७२ साली लॅपिडिस ह्या अमेरिकन डॉक्टरनं दाखवून दिलं की स्वच्छ धुतलेल्या हातांनी, दर चार-सहा तासांनी, रुग्ण स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करू शकतो. शस्त्रक्रियेच्या खोलीसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. इतकी साधी गोष्ट! तरी कित्येकजण वर्षानुवर्षं कायमची नळी आणि पिशवी लावून असतात. मग जंतुसंसर्ग, थंडीताप, मुतखडा. त्यात कपडे ओले होतील ह्या लाजेनं माणूस पाणीच कमी पितो, म्हणजे आगीत तेल. लग्नकार्याला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. बाहेर कुठं चाकाची खुर्ची शिरेल असं संडासाचं दार नाही, हे त्याचं खरं कारण.

कातडीचं तसंच. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रोज आरशात पाठीमागचा भाग पाहायचा. लाल डाग दिसला की त्या जागेवर भार द्यायचा नाही, बस्स. हे जमलं नाही तर हाडापर्यंत जाणारी जखम. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक ह्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी ही कूस बदलण्याची शिस्त कडकपणे लावली आणि माणसं जगू लागली. मग १९४८ साली त्यांनी १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातून पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं. आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं ते ह्याच परंपरेत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. अलीकडे त्यांच्यावर सिनेमा निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोहण्यामागं रोजची किती नीरस शिस्त असेल, ती पडद्यावर कशी दाखवणार?

दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर आणखी एक धोका असतो. तुंबलेलं मूत्राशय, नळीला पडलेली घडी, साधी बद्धकोष्ठता एवढ्यानंसुद्धा रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा घामानं डबडबतो. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं असेल. ते आडवं झोपवतात. करायचं असतं नेमकं उलट: ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवी मोकळी करून द्यायची आणि दाब उतरला नाही तर तडक इस्पितळ. हे चार शब्द एका कागदावर मराठी-कोंकणीत छापून घरी जाताना हातात द्यायला किती खर्च येतो?

घराचं काय सांगू! आपल्या जुन्या घरांचा आपल्याला कोण अभिमान. बल्कांव, उंच जोतं, लाल सिमेंटच्या पायऱ्या. उताराचा नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे तीन फूट जोत्याला छत्तीस फुटांचा उतार हवा. अंगण पुरणार नाही. त्यातून पावसाळ्यात शेवाळ. मग माणूस जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातच. संडास परसात असला तर त्याची अब्रू रोज बायकोच्या नाहीतर आईच्या हातात. तिची कंबर कधी मोडली ह्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट झाला. चांगला झाला, समुद्रात चाकाच्या खुर्च्या उतरल्या, मला आवडलं. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदाही कागदावर उत्तम आहे. पण माझं म्हणणं एवढंच की पैसा आधी वाड्यावर यायला हवा. मूळपेशींच्या उपचारानं पाय चालू करून देतो म्हणणाऱ्यांना लोक दागिने विकून लाखो रुपये देतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कण्याच्या दुखापतीवर तो मान्य उपचार नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्या पैशाच्या एका अंशात खुर्चीवरची चांगली गादी, वर्षभराच्या नळ्या आणि संडासाचं रुंद दार एवढं होतं.

पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत गटाराचा विषय संपला की कुणीतरी उठून हे दाराचं विचारावं. मी आमच्याकडे विचारणार आहे.